वेणीची सावली

शेवटच्या फोटोच्या दोन दिवस आधी थोरलीनं धाकटीचे केस कापले. मागच्या अंगणात स्टूल टाकून, खांद्यावर जुनी चादर पांघरून. केस मूठमूठ गळत होते. फणीत गुंता, उशीवर गुंता, मोरीच्या जाळीत गुंता. एके काळी ती वेणी कमरेखाली यायची, मनगटाएवढी जाड. आता उंदराची शेपटी झाली होती. ही उपमा धाकटीचीच.

"सगळे काढा, ताई. मानेपर्यंत."

"मान हलवू नकोस. कान कापला जाईल."

"कापा. त्यावरही एखादी गोळी असेलच तुमच्याकडे."

त्या दोघी जावा. थोरलीचा नवरा जहाजावर, वर्षातून दोन महिने घरी. ती छातीच्या रुग्णालयात बारा वर्षं एक्स-रे काढत होती. रुग्ण एक्स-रेला फोटो म्हणत आणि तिला फोटोबाई. धाकटीला टीबी झाला तेव्हा पहिला फोटो तिनंच काढला होता आणि सहा महिने रोज सकाळी गोळ्याही तिनंच समोर उभं राहून गिळायला लावल्या होत्या.

त्या सहा महिन्यांत धाकटी माडीवरच्या खोलीत राहिली. ताट वेगळं, पेला वेगळा. चार वर्षांच्या चिमणीला जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत यायची परवानगी होती. तिथून ती आईशी बोलायची. औषध नियमित चाललं की दोन-तीन आठवड्यांनी रोग पसरत नाही, हे थोरलीनं घरात पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. सासूबाई म्हणाल्या होत्या, "तुझं दवाखान्यातलं दवाखान्यात." तिसरी पायरी कायम राहिली.

"ताई, एक विचारू?"

"नको."

"मी काय विचारणार ते तुम्हाला कळलंय."

"म्हणूनच नको."

"नुसतं सांगायचं डॉक्टरांना, ही माझी जाऊ आहे म्हणून. बाकी काही नाही."

"फिल्मवर नाव दिसत नाही. वर काळी पट्टी असते. कोणाची जाऊ आणि कोणाची सासू, हे डॉक्टरांना कळू नये म्हणूनच ती लावतात."

"कोण लावतं?"

"मी."

धाकटी हसली, मग हसता हसता खोकली. थोरलीनं कात्री थांबवली. खोकला कोरडा होता, लगेच थांबला. तिनं पुन्हा कात्री चालवली.

त्या पट्टीमागे एक कारण होतं. सहा महिन्यांच्या गोळ्या संपल्या की रुग्णालयात छातीचा शेवटचा फोटो काढत. थुंकीत जंतू नसले तरी फुप्फुसात किती खराबी उरली आहे ते त्यावरून मोजत. प्रत्येक फुप्फुसाचे वरचा, मधला, खालचा असे तीन भाग. दोन्ही मिळून सहा. प्रत्येक भागाला शून्यापासून चारपर्यंत गुण. बेरीज सातच्या खाली आली तर गोळ्या बंद. सात किंवा वर आली तर आणखी तीन महिने, कारण असे लोक पुन्हा आजारी पडण्याचा संभव जास्त. हिशेब साधा होता, पण माणसं रडत. तीन महिने वाढले की कोणाची नोकरी जायची, कोणाचं लग्न मोडायचं. मग वाचणारा डॉक्टर एखादा गुण सोडून द्यायचा. एका वर्षी अशी सोडून दिलेली बरीच माणसं परत आली. तेव्हापासून नियम झाला. दोन डॉक्टरांनी वेगवेगळं वाचायचं, नाव झाकायचं, फक्त नंबर दिसू द्यायचा. दोघांत दोन गुणांपेक्षा जास्त फरक पडला तर एकत्र बसून एक आकडा ठरवायचा.

फिल्मच्या वरच्या कडेला एक चिठ्ठी चिकटवलेली असे. नाव, वय, तारीख आणि खाली फोटोबाईचा शेरा. साखळी काढली नाही. श्वास नीट धरला नाही. वेणी उजव्या खांद्यावर. हे शेरे कामाचे होते, कारण फिल्मवर साखळी, बटण, केसांचा जाड पेड, सगळ्याची सावली पडते, आणि वेणीची सावली फुप्फुसाच्या वरच्या टोकावर पडली की थेट टीबीच्या डागासारखी दिसते. खरं तर केस वर बांधायला लावणं हे तिचंच काम. पण दिवसाला चाळीस फोटो, बाहेर खोकणारी रांग, आणि एवढ्या मोठ्या खोलीत धड एक क्लिप नाही. मोठे डॉक्टर तिला यावरून टोमणे मारत.

"फोटोबाई, आम्ही छातीचे डॉक्टर की केसांचे?"

"क्लिपा मागवा म्हणून तीनदा लिहून दिलंय, सर."

"चौथ्यांदा द्या. कागद तरी संपेल."

त्यांच्याकडे वेणीच्या फिल्मांचा एक गठ्ठाच होता. नवीन डॉक्टर आला की ते एकेक फिल्म उजेडाच्या पेटीवर लावून विचारत, हे काय? नवीन माणूस म्हणे, डाग. मोठे डॉक्टर म्हणत, वेणी. एकवीस वर्षं वाचत होते. त्यांचं सहसा चुकत नसे.

धाकटीचा पहिला फोटो काढला त्या दिवशी तिला उभंही राहवत नव्हतं. थोरलीनं घाईघाईनं तिला पाटीला टेकवलं, खांदे पुढे ढकलले, श्वास धरायला लावला. केस बांधले नाहीत. घरचं माणूस, लवकर उरकावं, एवढंच डोक्यात होतं. जाड वेणी उजव्या खांद्यावर तशीच राहिली, आणि फिल्मवर उजव्या टोकाशी तिची सावली आली. चिठ्ठीवर तिनं तसं लिहिलं.

शेवटच्या फोटोला असली काही अडचण नव्हती. धाकटी सुती झग्यात उभी राहिली. मान मोकळी, केस कानाखाली दोन बोटं. थोरलीनं बटण दाबलं, फिल्म धुतली, वाळवली, चिठ्ठी चिकटवली. शेरा लिहिला, 'केस कापलेले.' मग नियमाप्रमाणे पेटीतून काळी चिकटपट्टी काढली आणि चिठ्ठीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट दाबून लावली. पहिल्या फिल्मवरही लावली, कारण डॉक्टर दोन्ही शेजारी शेजारी ठेवून वाचत. दोन्हींवर नंबर टाकला.

वर्षभर ती हेच करत होती. आधी शेरा, मग पट्टी. शेराही पट्टीखाली जातो, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. डॉक्टरांच्याही आलं नव्हतं. शेरे येईनासे झाले ते फोटोबाईला कंटाळा आला म्हणून, असं ते धरून चालले होते.

शुक्रवारी निकालाचा कागद आला. कागदावर फक्त नंबर आणि आकडा. धाकटीच्या नंबरापुढे पाच.

थोरलीनं घरी येऊन सांगितलं तेव्हा धाकटी जिन्यावरून खाली आली. चौथी पायरी, तिसरी, दुसरी. चिमणी खाली उभी होती. इतक्या महिन्यांच्या सवयीनं ती मागे सरली.

"ये गं," धाकटी म्हणाली. "आता काही होत नाही."

त्या दिवसापासून चिमणी आईच्या कुशीत झोपायला लागली.

पाचव्या महिन्यात खोकला परत आला. आधी सकाळचा, मग दिवसभराचा. धाकटीनं तीन आठवडे कोणाला सांगितलं नाही. थोरलीनं शेजारच्या खोलीतून ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी तिला बरोबर नेलं. थुंकीत जंतू सापडले. नव्या फोटोत उजव्या टोकाशी पोकळी होती, लिंबाएवढी.

घरात चौकशी बसली. सासूबाई पलंगावर, भाऊजी, म्हणजे धाकटीचा नवरा, दारात उभे.

"पुरतं औषध घेतलेल्या माणसाला हे पुन्हा होत नाही," भाऊजी म्हणाले. "मला ऑफिसात दोघांनी सांगितलं."

"होतं, भाऊजी. शंभरातल्या काहींना होतं."

"ती काही हीच कशी?"

"गोळ्या मी स्वतः दिल्यात."

"तुम्ही हातावर ठेवायचात, वहिनी. पोटात गेल्या का, हे बघायला काय तोंडात शिरला होतात?"

सासूबाई धाकटीकडे वळल्या. "खरं सांग. टाकायचीस ना? त्या मोरीत?"

धाकटी नाही म्हणाली. मग पुन्हा नाही म्हणाली. तीन दिवस हेच चाललं होतं, जेवताना, कपडे वाळत घालताना, चिमणीच्या देखत. चौथ्या दिवशी तिनं म्हटलं, "हो. चुकवल्या कधी कधी. झालं?"

आणि खरंच सगळं शांत झालं. कारण सापडलं की माणसांना बरं वाटतं. भाऊजींनी दवाखान्यात जाऊन कार्डावर तसं लिहून घेतलं: रुग्णाने गोळ्या चुकवल्याचे सांगितले. घरात ठरलं की येत्या रविवारी धाकटीला तिच्या आईकडे पोचवायचं, आणि चिमणी इथेच राहील. जी स्वतःच्या गोळ्या सांभाळू शकत नाही तिच्याकडे पोर कसं द्यायचं, असं सासूबाई म्हणाल्या. आवाज न चढवता म्हणाल्या.

थोरलीनं तिला माडीवर गाठलं. "का म्हणालीस असं?"

"तुम्ही नाही म्हणालात, मी नाही म्हणाले. ऐकलं कोणी?"

"पण चुकवल्या नव्हत्यास."

"एकदा दोन दिवस ओकले होते. आठवतं? कदाचित त्यानंच झालं असेल." धाकटी कपड्यांच्या घड्या घालत होती. चिमणीचा एक फ्रॉक तिच्या ढिगात आला होता. तो तिनं उचलून बाजूला ठेवला. "काहीतरी माझ्याकडूनच झालं असणार ना, ताई? उगाच कसं होईल?"

परत आलेल्या प्रत्येक रुग्णाच्या जुन्या फिल्म रुग्णालयात पुन्हा काढून बघत. आकडा कुठे फसला ते शोधायला. हे काम लहान डॉक्टरीण बाईंकडे होतं. नोकरीला दोन वर्षं झालेली, दुसऱ्या वाचक त्याच. गुरुवारी त्यांनी थोरलीला फिल्म आणायला सांगितल्या. कार्ड त्यांनी आधीच वाचलं होतं.

"ही तुमची जाऊ, हे मला आजच कळलं," त्या म्हणाल्या. "गोळ्या चुकवल्यात म्हणे. मग आपल्या आकड्याचा दोष नाही. एकदा बघून ठेवून देऊ."

"चुकवल्या नाहीत," थोरली म्हणाली.

डॉक्टरीण बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग दोन्ही फिल्म पेटीवर लावल्या आणि वाचनाचे कागद उघडले. त्यांच्या स्वतःच्या कागदावर बेरीज आठ होती. मोठ्या डॉक्टरांच्या कागदावर पाच. खाली दोघांच्या सह्या, ठरलेला आकडा पाच.

"आठवतंय मला. आम्ही यावर बसलो होतो. उजव्या टोकाला मी तीन दिले होते, सरांनी शून्य."

"शून्य का?"

त्यांनी कागद फिरवून तिच्यापुढे धरला. मोठ्या डॉक्टरांचं बारीक, सरळ अक्षर. 'वेणीची सावली, पहिल्या फिल्मप्रमाणेच.'

"मी म्हटलं होतं, सर, वेणी असेल तर सावली वर मानेत जायला हवी, ही इथेच थांबतेय. ते म्हणाले, पहिल्या फिल्मवर बघ, तीच जागा आहे. खरंच होती तीच जागा. मग मी सही केली. अजून अकरा फिल्म राहिल्या होत्या."

थोरलीनं हात पुढे केला, शेवटच्या फिल्मवरच्या पट्टीचं टोक नखानं उचललं आणि ओढलं. पट्टी चरचरत निघाली. खाली तिचंच अक्षर होतं.

डॉक्टरीण बाईंनी वाचलं. "कधी लिहिलंत हे?"

"त्याच दिवशी. पट्टी लावायच्या आधी."

"नक्की कापलेले होते केस?"

"मीच कापले होते."

मोठ्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि फिल्मला नाक लावून बराच वेळ पाहिलं. पहिल्या फिल्मवर खरी वेणी होती, आणि त्या वेणीच्या आड खरा डाग होता, तो तेव्हा कोणालाच दिसला नव्हता. शेवटच्या फिल्मवर वेणी गेली होती आणि डाग तेवढा उरला होता. ते खुर्चीत बसले.

"ही आपल्या घरातली आहे, एवढं एक वाक्य टाकायचं होतंत, फोटोबाई."

"नियम आहे, सर."

"हो. नियम मीच लिहिलाय." त्यांनी चष्मा खाली घेतला. "तीन महिने जास्त दिले असते तर ती परत आलीच नसती, असं मी म्हणणार नाही. सातच्या वरच्यांपैकी दहांतले तीन परत येतात. गोळ्या वाढवल्या की एखादा. ती एखादीही असू शकली असती."

"घरी असं सांगू?"

"काय सांगायचं ते सांगा. कागद माझ्या अक्षरातला आहे. न्या हवा तर." मग म्हणाले, "घरात लहान मूल आहे?"

"आहे. पाच वर्षांचं."

"सोमवारी घेऊन या."

त्या दिवशी थोरलीनं दोन्ही फिल्म मोठ्या पाकिटात घालून घरी नेल्या. ऊन अजून होतं. बैठकीच्या खिडकीच्या काचेला तिनं त्या धरल्या आणि सगळ्यांना बोलावलं. वेणी कुठली, डाग कुठला, शेरा कुठे लिहिला, पट्टी कुठे लावली, हे बोटानं दाखवत सांगितलं. मोठ्या डॉक्टरांचा कागद वाचून दाखवला. गोळ्या चुकल्या नव्हत्या, हे शेवटी पुन्हा सांगितलं.

सासूबाई काचेजवळ आल्या. एकीकडे बघितलं, दुसरीकडे बघितलं. "मला तर दोन्ही सारखंच दिसतंय."

"डॉक्टरांनाही तसंच दिसलं, आई. तेच सांगतेय."

"म्हणजे चूक तुमची," भाऊजी म्हणाले.

"हो. पहिल्या फोटोला केस बांधले नाहीत, ती माझी. पट्टी लावली, तीही माझी."

"मग ही का कबूल झाली?"

धाकटी जिन्याच्या पायथ्याशी उभी होती. तोंडाला रुमाल, केस आता खांद्याला टेकलेले. ती फिल्मकडे बघत नव्हती. भाऊजी म्हणाले, "चुकी कोणाची का असेना, रोग तर हिलाच आहे. रविवारचं सांगून ठेवलंय तिकडे."

"दोन आठवडे औषध पोटात जाऊ दे, मग पसरत नाही," थोरली म्हणाली. "पोर तिच्यापासून तोडायची गरज नाही."

"मागच्या वेळेलाही तुम्ही असंच म्हणाला होतात, वहिनी."

मागच्या वेळेलाही ते खरंच होतं. पण आता त्या खिडकीत उभं राहून तिच्याच्यानं ते बोलवेना. तिनं फिल्म काचेवरून काढल्या आणि पाकिटात घातल्या.

धाकटी रविवारी गेली. एक पिशवी, एक वळकटी. रिक्षा येईपर्यंत दोघी फाटकाशी थांबल्या. चिमणीला शेजारी खेळायला पाठवलं होतं, म्हणजे रडारड नको.

"ताई, मी खरंच चुकवल्या नव्हत्या ना?"

"नव्हत्यास."

"बरं झालं सांगितलंत. माझं मलाच आता खरं वाटेनासं झालं होतं." रिक्षा वळणावर दिसली. धाकटीनं पिशवी उचलली. "उद्या चिमणीचा फोटो आहे ना? केस वर बांधा तिचे."

सोमवारी सकाळी रांग लागायच्या आधी थोरली चिमणीला एक्स-रेच्या खोलीत घेऊन गेली. घरून चार क्लिपा आणल्या होत्या. दोन्ही शेंड्या डोक्यावर नेऊन बसवल्या, सुटलेले केस ओले करून मागे वळवले, मानेवर एक केस राहू दिला नाही. गळ्यातली मण्यांची माळ काढून स्वतःच्या खिशात घातली.

"दुखतंय, काकू."

"झालं. आता पाटीला छाती लाव. अशी. मोठा श्वास घे. घेतलास? धर."

चिमणीनं गाल फुगवून श्वास धरला. थोरलीनं बटण दाबलं.

"सोड."

"आई पण इथेच उभी राहायची?"

"इथेच."

डार्करूममध्ये तिनं फिल्म धुतली आणि तारेला अडकवली. पाणी थेंबाथेंबानं खाली पडत होतं. बारा वर्षांत तिनं कोणाच्या फिल्मवर मत दिलं नव्हतं, ते तिचं काम नव्हतं. पण बारा वर्षांत रोज चाळीस फिल्म हातातून गेल्या की डोळे बांधून ठेवता येत नाहीत. तिनं तांबड्या दिव्यापुढून फिल्म बाहेर आणली आणि पेटीवर लावली. टोकं दोन्ही स्वच्छ होती. उजव्या फुप्फुसाच्या मुळाशी, जिथे कितीही लांब केस असले तरी पोचत नाहीत, तिथे एक गोल, पांढुरकी सावली होती.

बाहेर बाकावर चिमणी पाय हलवत बसली होती.

थोरलीनं चिठ्ठी घेतली. नाव लिहिलं, वय लिहिलं, तारीख घातली. खाली शेरा लिहिला, 'केस वर बांधलेले. माळ काढलेली. श्वास नीट धरला.' चिठ्ठी फिल्मला चिकटवली. काळी पट्टी आता नावापुरतीच कापायची असं शुक्रवारी ठरलं होतं. तिनं तेवढीच कापली, नावावर दाबून बसवली, शेरा उघडा ठेवला, आणि फिल्म मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर सगळ्यात वर ठेवली.